शंभर टक्के वाचणारी शाळा

शाळेचा मास्तर फरशीवर पालथा पडून खडूनं बैल काढत होता. भोवतीनं पोरंही तशीच पालथी. मी दारात उभी राहून खाकरले, तर एकानंही मान वर केली नाही.

आमच्या वस्तीच्या शाळेवर नव्यानं आलेल्या अवताडे गुरुजींविषयी माझी पहिली तक्रार ही. ज्याची जी जागा, ती त्यानं सोडू नये.

"खुर्ची मोडली काय, गुरुजी?"

ते उठून बसले. गुडघ्याला खडू, कोपराला खडू. "नाही आक्का. माळ्यावर टाकलीय."

"का वं? उंदरांची शाळा भरतीया का तिथं?"

पोरं फिदीफिदी हसली. गुरुजीही हसले, आणि हीच माझी दुसरी तक्रार. मास्तराला टोचून बोललं तर मास्तरानं चिडावं.

"खुर्चीवर बसलो की पोरं माझ्याच तोंडाकडं बघत बसतात," ते म्हणाले. "एकमेकांकडं बघत नाहीत."

"मग मास्तर कशाला असतो? त्याच्या तोंडाकडं बघायलाच असतो की."

"शिकायला पोरं असतात, आक्का. मी नुसता सोबतीला."

सोबतीला म्हणे. सोबतीला आमच्याकडं कुत्रं असतं, असं अगदी ओठावर आलं होतं. पोरं होती म्हणून गिळलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मंगळवेढ्याच्या अलीकडची आमची वस्ती, काळं रान, ज्वारीचा मुलूख. शाळा आमच्याच रानाच्या कोपऱ्यात आहे. मालक हयात असताना त्यांनी जागा दिली, म्हणून वस्तीवर कुणाच्या घरी सून यायची असो की बोअर मारायची असो, लोक आधी मला विचारतात. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण माझं बोलणं कुणी खोडत नाही. अवताडे गुरुजीही खोडत नसत. सगळं ऐकून घेत आणि मग पोरांच्या मनाचं करत. शाळेला रंग द्यायचा होता तेव्हा मी म्हटलं, पिवळा द्या. ते म्हणाले, "पोरांना विचारतो." पोरांनी हात वर करून जांभळा ठरवला. लांबून बघितलं की रानात एकच मोठं वांगं लागल्यासारखी शाळा दिसायची.

हे हात वर करणं म्हणजे पोरांचं मंत्रिमंडळ. पाणीमंत्री, झाडमंत्री, खेळमंत्री. शेजारच्या घोडक्यांची चौथीतली सुप्रिया शिक्षणमंत्री. कुणी झाडायचं, आज आधी गणित की गोष्ट, कुणाचं भांडण कसं मिटवायचं, सगळं ती मंडळी ठरवायची आणि गुरुजी भिंतीला टेकून ऐकायचे. माझी नात कांचन, आमची कांची, तिसरीत होती. ती घरी येऊन सांगायची, "आज्जी, आज माझा बी हात धरला मोजताना." तेवढ्यावर पोरगी दोन भाकरी जास्त खायची.

कांचीला वाचता येत नव्हतं. बोलायला बारा गावची, बाजारातलं गिऱ्हाईक परत फिरवेल अशी, पण अक्षर म्हटलं की ते तिच्या डोळ्यांपुढं ठरायचं नाही. आज ओळखलेला 'म' उद्या तिला परका. आधीच्या मास्तरानं तिला मागच्या कोपऱ्यात बसवून टाकलं होतं आणि आम्हीही नाद सोडला होता. माझा मुलगा भारत म्हणायचा, "जाऊ दे आई, समद्यांनी वाचून कुठं काय व्हतंय."

या गुरुजींनी तिला कोपऱ्यातून काढून मधोमध बसवली. भिंतीवर त्यांनी एक शिडी रंगवली होती. तळाच्या पायरीवर अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं, सगळ्यात वर गोष्ट. प्रत्येक पोराचं एक पुठ्ठ्याचं चित्र, ज्याचं त्यानं काढलेलं. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचा कोंबडा. कांचीची शेळी होती, पाच पायांची. पाचवा पाय नाही, ती शेपूट आहे, असं ती भांडून सांगायची. एखादी पायरी जमली की पोरानं आपलं चित्र आपल्या हातानं वरच्या खिळ्याला अडकवायचं. कुणी कुणाला ढकलायचं नाही. कांचीची शेळी वर्षभर तळालाच चरत होती, पण भिंतीवर होती. सगळ्यांच्यात होती.

शाळेला कुठूनसे टॅब मिळाले आणि एक मोठा टीव्ही. टॅबमध्ये एक बाई अक्षर म्हणायची. कांचीनं चुकीच्या ठिकाणी बोट लावलं की बाई म्हणायची, पुन्हा बघू या. दहादा चुकलं तरी त्याच आवाजात, पुन्हा बघू या. मला ते यंत्र आवडलं. माणूस तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना दात खातो. कांचीला तर त्या बाईचा इतका लळा लागला की एकदा मला म्हणाली, "आज्जी, ती जेवती कवा गं?"

मी गुरुजींना विचारलं, "वाचंल का वं पोर?"

"वाचेल. तिच्या वेळेनं वाचेल. ज्वारी सगळी एकाच दिवशी हुरड्यात येते का?"

"एका रानातली येती, गुरुजी. तुम्ही शेतकऱ्याचं न्हाईसा."

"मग हे एक रान नाही असं समजा," ते म्हणाले आणि पुन्हा हसले.

त्या दिवसापासून मी त्यांना घरचं ताक पाठवायला लागले. माझ्या ताकाला वस्तीत किंमत आहे, मी कुणालाही पाठवत नाही.

मग शाळेचं नाव झालं. दुसऱ्या तालुक्यांतले मास्तर बघायला यायला लागले, फोटो काढायला लागले. आणि एक दिवस गुरुजी आमच्या पडवीत येऊन बसले. पहिल्यांदाच मला ते घाबरलेले दिसले.

"आक्का, जिल्ह्याच्या मोठ्या मॅडम येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर तालुक्यातल्या सगळ्या शाळांत खुर्च्या माळ्यावर जातील. नाही पडलं तर माझी पण परत खाली येईल. आमच्यातलेच मास्तर टपून बसलेत, की हे सगळं थोतांड आहे."

"मग दावा की त्यास्नी. पोरं काय लपून ऱ्हायलीत?"

"त्यांना फलक लावायचाय. शंभर टक्के वाचणारी शाळा."

मी ताकाचा तांब्या खाली ठेवला. "आन् आमची कांची?"

त्यांनी तांब्या उचलला, न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, "तिला कुणी हसणार नाही, आक्का. एवढं माझ्याकडं लागलं."

मी निर्धास्त झाले. मोठ्या बाईसमोर पोरीला उभं केलं आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली, तर ती पुन्हा शाळेचं तोंड बघायची नाही, ही एकच भीती मला होती. गुरुजींनी ती स्वतःच्या अंगावर घेतली होती.

मॅडम येणार त्या दिवशी सकाळी कांची पोट दाबून बसली. गणवेश घातलेला, दोन वेण्या, लाल रिबिनी. सून म्हणाली, "आत्या, हिचं पोट दुखतंय म्हनं." ओवा चावायला दिला. मला तिच्याजवळ बसायला वेळ नव्हता, पाहुण्यांच्या जेवणाचं सगळं माझ्यावर होतं. हुलग्याची शेंगोळी, भाकरी, शेंगाची चटणी. "बरं वाटलं की ये मागनं," एवढं म्हणून मी पातेली घेऊन शाळेवर गेले.

मॅडम चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. चष्मा सावरत त्याही फरशीवर मांडी घालून बसल्या. हाताला येईल ते पोर उठवायच्या आणि समोर गोष्टीचं पुस्तक धरायच्या. पोरं पाण्यासारखी वाचत होती. पहिलीतलं चिमुरडं टॅबवर बोट फिरवत एक अख्खी गोष्ट वाचून गेलं, तेव्हा बरोबरच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. माझाही ऊर भरून आला. आमच्या रानातली पोरं ती.

"आज कोण कोण आलं नाही?" मॅडमनी सहज विचारलं.

सुप्रिया ताठ उभी राहिली. "सगळी आलीत, मॅडम."

मी चमकले. गुरुजींकडं बघितलं, तर ते खिडकीतून बाहेर बघत होते. मग माझं लक्ष भिंतीवर गेलं. मला वाचायला फारसं येत नसलं तरी चित्रं दिसतात. ट्रॅक्टर, कोंबडा, सगळी गोष्टीच्या पायरीवर गर्दी करून बसली होती. तळाची पायरी मोकळी. शेळी कुठंच नव्हती.

पाहुणे परसबाग बघायला बाहेर पडले तसं मी सुप्रियाला मागच्या दारात ओढलं.

"कांचीची शेळी कुठाय गं?"

"काढून ठिवलीया आक्का, कपाटात. आजच्या पुरती."

"कुणी काढली? गुरुजींनी?"

"न्हाई वं, गुरुजी कशाला काढतील. आमीच ठरवलं, मंत्रिमंडळानं. गुरुजींनी इचारलं, सांगा मुलांनो, उद्या शंभर टक्के कसं व्हायचं? मग पाणीमंत्री म्हणला, एकच कमी पडतंय, ते आजच्या दिस मोजायचंच न्हाई. मग हात वर केलं."

"आन् कांची? ती कुठं व्हती तवा?"

"तितंच व्हती की." पोर माझ्याकडं कौतुकानं बघत होती, जणू तिला शाबासकी हवी होती. "तिनं बी केला. तिचाच तर पैला व्हता."

माझ्या हातात पळी होती. ती मी खाली ठेवली. सुप्रियाच्या डोळ्यांत पापाचा लवलेश नव्हता. तिला मारावं की जवळ घ्यावं ते मला कळेना, आणि मी दोन्ही केलं नाही.

जेवणाआधी मंडपात माईक लावला होता. जागा देणाऱ्या घरची बाई म्हणून मॅडमनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले. माईकसमोर जाऊन उभी राहिले. शंभर टक्क्यांचा फलक माझ्या डोक्यावर टांगलेला, समोर सगळा अधिकारी वर्ग, बाजूला अवताडे गुरुजी, तोंडावर रक्त नसलेले. सुप्रिया मागच्या दारात माझ्याशी बोलली ते त्यांनी पाहिलं असावं. माझ्या एका वाक्यानं तो फलक खाली आला असता. पण पुढच्या ओळीत पोरं बसली होती. तेल लावून चप्प केलेली डोकी, आणि तोंडं अशी उजळलेली की त्यांच्यावर पाणी ओतायला माझी जीभ उचलेना.

"पोरं गुणाची हैत," मी म्हणाले. "जेवून घ्या, शेंगोळी गार व्हती."

टाळ्या पडल्या. मी ताटलीत भाकरी-शेंगोळी घेतली आणि बांधावरून घरी निघाले.

कांची घरात नव्हती. कडब्याच्या गंजीमागं होती. तिथून शाळा सगळी दिसते. गुडघे पोटाशी घेऊन, वेण्या पुढं घेऊन बसली होती.

"पोट थांबलं का?"

"थांबलं." तिनं ताटलीकडं बघितलंही नाही. "आज्जी, झालं का गं? शंभर झालं?"

"झालं."

"फलक दिला?"

"दिला."

तिनं सुस्कारा टाकला. पोरगी हसली, खरं हसली. "मला लई भ्याव वाटत हुतं. मधीच कुणी माझं नाव घेतलं असतं तर समद्यांचं वाटुळं झालं असतं." मग माझ्या पदराला धरून म्हणाली, "गेली का गाडी? गेली असंल तर जाऊ का मी आता? टीव्हीवर गाणी लावणार हैत."

मी म्हटलं, आधी खा. ती खायला लागली. मी तिच्याजवळ कडब्यात बसले आणि गाडी जाईपर्यंत तिला नजरेआड होऊ दिलं नाही.

गाडी गेल्यावर मी शाळेत परत गेले. गुरुजी कमानीची आंब्याची पानं सोडवत होते.

"मी तिला येऊ नकोस म्हटलं नाही, आक्का," मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले. "तिला विचारा हवं तर."

"सुप्रियाला इचारलं."

"मी फक्त प्रश्न ठेवला. उत्तर मुलांनी काढलं. मी मध्ये पडलो असतो, तर रोज सांगतो ते सगळं खोटं ठरलं असतं. तुम्ही ठरवा म्हणायचं आणि मनासारखं नाही झालं की मोडायचं?"

"तुमच्या मनासारखं झालं न्हाई व्हय?"

पानं त्यांच्या हातातच राहिली. "तिनं पहिला हात वर केला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, केवढं मोठं मन आहे या पोरीचं."

माणूस खोटं बोलत नव्हता. ते म्हणाले, "मी उद्याच दुरुस्त करतो." मी मान हलवली आणि आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काय करावं? त्यांनी वर्ग बसवला आणि पोरांनाच विचारलं, कांचनला परत आणायचं का? सगळ्यांचे हात वर. शेळी पुन्हा तळाच्या पायरीवर आली. टाळ्या झाल्या, गुळशेंगा वाटल्या. संध्याकाळी गुरुजी आमच्याकडं येऊन आनंदानं सांगून गेले, एकही हात खाली नव्हता. मी ताक दिलं. एका दिवसाची चूक, माणूस सावरेल, असं मी मनाला सांगितलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. कांची पाचवीत वाचायला शिकली, त्याच टॅबमधल्या बाईकडून. अडखळत, पण शिकली. दहावीच्या वर्षी मात्र तिनं परीक्षेचा फॉर्म भरला नाही. हायस्कूलचे हेडमास्तर स्वतः घरी आले, समजावलं, भारतनं हात जोडले. ती एवढंच म्हणाली, "माझ्यामुळं शाळेचा निकाल खाली यील." कुणी सांगितलं तुला असं? "कुणी न्हाई," म्हणाली. "मलाच कळतंय की." आता ती सासरी आहे. तिच्या घरी चार माणसं बोलायला बसली की ती उठून स्वयंपाकघरात जाते. बोलायला बारा गावची पोर माझी.

पण ते सगळं नंतरचं. मॅडम येऊन गेल्यावर महिनाभरानं एकदा गुरुजींनी मला शाळेत बोलावलं. पोरांना पायली, शेर, मापटं म्हणजे काय ते सांगायला. मी मापं घेऊन गेले आणि त्यांच्या आग्रहापायी चक्क फरशीवर बसले. कांची माझ्या गुडघ्याला टेकून बसलेली, सगळ्यांच्या आधी उत्तर देत होती. तेवढ्यात रस्त्याकडून जीपचा आवाज आला.

कांची उठली. भिंतीजवळ गेली, तळाच्या खिळ्यावरची शेळी काढून तिनं फ्रॉकच्या खिशात घातली, कोपऱ्यातली आपली चप्पल उचलली आणि मागच्या दाराकडं निघाली. एकाही पोरानं तिच्याकडं वळून बघितलं नाही. वारा आला की कुणीतरी उठून खिडकी लावतं, तेवढंच ते झालं होतं.

"कांचन, कुठं निघालीस?" गुरुजी म्हणाले.

"गाडी आली, गुरुजी."

"येऊ दे की. तू बस."

"असू द्या. मी गंजीमागं हाय. ती मान्सं गेली की सुप्रियाला हाक मारायला सांगा." तिनं माझ्याकडं बघून सांगितलं, "आज्जी, तू ऱ्हा. तुझं छान चाललंय."

गुरुजी तिच्या मागं दारापर्यंत गेले, दोनदा हाक मारली. ती वाकून पळत रान ओलांडत होती, रस्त्यावरून डोकं दिसू नये म्हणून. जीप थांबलीच नाही. कुठल्याशा बियाण्याच्या कंपनीची होती, धुरळा उडवत पुढं गेली.

गुरुजी दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मी हात टेकून उठले, मापं पिशवीत भरली आणि त्यांच्यापाशी गेले.

"आक्का," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी तिला एकदाही जा म्हटलेलं नाही."

"ठावं हाय मला," मी म्हणाले. "आमचा मास्तर छडीनं तळहात सोलायचा, गुरुजी. मी दुसरीतनं पळाले, आन् आज एवढी म्हातारी झाले तरी त्याच्या नावानं बोटं मोडती. त्यानंच तर मी ताठ हाय. या पोरीनं कुणाच्या नावानं मोडावीत? तुम्ही मारलं न्हाईसा, हाकललं न्हाईसा, तिच्याच हातानं तिला काढलीसा. राग धरायला एक मानूस लागतो, तेवढाबी तुम्ही तिला ठिवला न्हाई."